हॉट सेलमध्ये पहिल्यांदाच कॅमेरा लावताय? आधी हे वाचा

मी पहिल्यांदा हॉट सेलमध्ये कॅमेरा लावला तेव्हा तो बाजारातला चांगल्यातला चांगला सीसीटीव्ही होता. आम्ही छोटे कंत्राटदार. पाण्याच्या टाक्या, बॉयलरच्या नळ्या, गटारांच्या लाइनी अशा ठिकाणी कॅमेरे उतरवायचा अनुभव होता, त्यामुळे हेही तसंच असेल असं वाटलं. सकाळी चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. जेवून आलो तर पिवळट दिसायला लागलेलं. चारच्या सुमाराला सगळं चहाच्या रंगाचं झालं आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. मी आपला बाहेर बसून फोकस मागेपुढे करतोय. शेजारी मॅनिप्युलेटरवर, म्हणजे आतले यांत्रिक हात चालवायला, एक जुने ऑपरेटर बसले होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते म्हणाले, "अरे, फोकस काय फिरवतोस? तो मरतोय."

दुसऱ्या दिवशी पडदा काळा.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथे ओळीने लिहितोय. एखाद्या प्लांटसाठी, प्रयोगशाळेसाठी किंवा गामा इरॅडिएटरसाठी पहिल्यांदा दूरनियंत्रित पाहणीचं काम मिळालेला इंजिनियर, इन्स्ट्रुमेंटवाला किंवा फिटर माझ्या डोळ्यासमोर आहे. ज्यांना हॉट सेल माहीत नाही त्यांच्यासाठी: मीटरभर जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, त्यात शिशाच्या काचेची जाडजूड खिडकी, आणि भिंतीतून आत गेलेले यांत्रिक हात. माणूस बाहेर, किरणोत्सारी माल आत.

१. आधी आकडा मागा, कॅमेऱ्याचा कॅटलॉग नंतर उघडा

तुम्हाला दोन आकडे लागतात. एक डोस रेट, म्हणजे कॅमेरा जिथे बसणार तिथे तासाला किती ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं एकक). दुसरा एकूण डोस, म्हणजे काम संपेपर्यंत कॅमेऱ्याच्या पोटात किती ग्रे जाणार. कॅमेऱ्याचं आयुष्य दुसऱ्या आकड्यावर ठरतं, चित्रातले ठिपके पहिल्यावर. या दोन्हींची गल्लत करणारा माणूस मला दर कामावर भेटतो.

ग्रे म्हणजे किती, हे डोक्यात बसायला मला आपल्याकडचीच उदाहरणं उपयोगी पडली. माणसाच्या अख्ख्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मे लोक वाचत नाहीत. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून जो डोस देतात तो शंभर ग्रेच्या आतला असतो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे. वाशीच्या केंद्रात मसाल्यांना काही किलोग्रे, आणि ट्रॉम्बेच्या 'आयसोमेड'मध्ये सिरिंज-बँडेज निर्जंतुक करायला साधारण २५ किलोग्रे. आता साधा सीसीटीव्ही किंवा वेबकॅम कुठे मरतो? पन्नास ते दोन-तीनशे ग्रेच्या दरम्यान. म्हणजे कांद्याचा डोस कसाबसा सोसतो, आंब्याच्या डोसाला बहुतेक संपतो.

हिशेब सोपा आहे. समजा सोर्सपासून, म्हणजे किरणोत्सारी मालापासून, एक मीटरवर तासाला ५० ग्रे आहेत. कॅमेरा २०० ग्रे सोसणारा असेल तर चार तास. तोच कॅमेरा 'जरा जवळून बघू' म्हणून अर्ध्या मीटरवर नेला की डोस रेट चौपट होतो, तासाला २०० ग्रे, आणि तुमच्या हातात उरतो एक तास. उलट दोन मीटरवर मागे घेतला तर सोळा तास. अंतरासारखं स्वस्त शिल्डिंग नाही, झूम लेन्स त्याचसाठी असते.

इथले सापळे दोन. पहिला एककांचा. जुने मीटर आणि परदेशी कॅटलॉग रॅडमध्ये बोलतात, आणि १ ग्रे म्हणजे १०० रॅड. 'दहा लाख'चा कॅमेरा म्हणून हुरळून जाऊ नका. ते दहा लाख रॅड असतील तर दहा हजार ग्रेच झाले. दुसरा सापळा माणसांचा. तुम्हाला दिलेला आकडा कधीचा आहे, कुठे मोजलेला आहे, हे विचारायला लाजू नका. १९८६ साली चेर्नोबिलच्या छतावरचा मलबा ढकलायला पश्चिम जर्मनीचा 'जोकर' नावाचा रोबो आणला होता, तो थोड्याच वेळात बंद पडला. त्याच्या बनवणाऱ्यांना छतावरचे खरे आकडे सांगितलेच नव्हते, असं सांगतात. त्याच छतावर चांद्रगाडी बनवणाऱ्या सोव्हिएत संस्थेने घाईने तयार केलेले एसटीआर-१ रोबो मात्र बऱ्यापैकी चालले, कारण त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स अवकाशाच्या हिशेबाने बेतलेलं होतं. तरीही शेवटी तीन हजारांहून जास्त माणसांना फावडी घेऊन वर जावं लागलं. एकेकाला मिनिट-दोन मिनिटं.

२. कॅमेरा नेमका कशाने मरतो

हे कळलं की पुढचे निर्णय आपोआप सोपे होतात.

गामा किरण चिपमधल्या ऑक्साइडच्या पातळ थरात विद्युतभार अडकवून ठेवतात. थर जेवढा जाड तेवढा भार जास्त. ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला सुरू-बंद व्हायला हवा तिथे होत नाही, गळती वाढते, सेन्सर अंधारातही प्रकाश दिसल्यासारखा वागतो. पडद्यावर हे राखाडी धुकं म्हणून दिसतं. सेन्सर थंड ठेवला तर हे धुकं बरंच कमी होतं, म्हणून हवाबंद डब्यात कोंबलेला कॅमेरा लवकर हात वर करतो.

पण गंमत अशी की बऱ्याचदा सेन्सर जिवंतच असतो. आधी मरतो तो त्याच्यामागचा व्होल्टेज रेग्युलेटर किंवा फ्लॅश मेमरी. आयपी कॅमेऱ्यात तर अख्खा संगणक असतो, त्याचा सॉफ्टवेअरचा साठा फ्लॅशमध्ये. एकदा बंद करून परत चालू केला की उठतच नाही. त्यामुळे नवख्यांना माझं सांगणं: आत जाणारा कॅमेरा जितका बावळट तितका चांगला. ॲनालॉग, साधी केबल, कसलीही हुशारी नसलेला.

चालू कॅमेऱ्यावर येणारे पांढरे ठिपके ही वेगळी गोष्ट. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या क्षणी सेन्सरला धडकलेला किरण. सोर्स झाकला की ते जातात. अणुभट्टीजवळ न्यूट्रॉन असतील तर ते सिलिकॉनचे अणूच जागचे हलवतात आणि मग काही ठिपके कायमचे राहतात.

या ठिपक्यांवरून डोस मोजायचा मोह होतो. जपानच्या अपघातग्रस्त फुकुशिमा प्रकल्पात २०१७ च्या जानेवारीत युनिट २, म्हणजे दोन नंबरच्या अणुभट्टीमधल्या चित्रांतला गोंगाट बघून तासाला ५३० सिव्हर्टचा (गामासाठी सिव्हर्ट म्हणजे जवळपास ग्रेच) अंदाज काढला होता, फेब्रुवारीत ६५० चा. जगभर मथळे झाले. काही महिन्यांनी ते आकडे बरेच खाली आणावे लागले. ठिपके धोक्याची घंटा म्हणून ठीक आहेत, मीटर म्हणून नाहीत.

३. कोणत्या जातीचा कॅमेरा घ्यायचा

ढोबळ तीन जाती.

*मरायला पाठवायचा कॅमेरा.* साधा, स्वस्त, लहान बोर्ड कॅमेरा. एकूण डोस शंभर ग्रेच्या आत असेल तर सरळ हाच घ्या, पाच घ्या, आणि बदलायला सोपं जाईल असं धारक बनवा. यात कमीपणा काही नाही. मी आजही निम्मी कामं अशीच करतो.

*घट्ट केलेले सॉलिड स्टेट कॅमेरे.* यात सीआयडी नावाच्या सेन्सरचे कॅमेरे येतात, दहा लाख रॅड आणि त्यापुढचे, म्हणजे दहा किलोग्रेच्या घरातले. अलीकडे खास आखणीचे सीमॉस सेन्सरही याच्या पुढे गेलेत. रंगीत चित्र मिळतं. किंमत ऐकून मालक गप्प होतो.

*ट्यूब कॅमेरे.* जुन्या टीव्ही स्टुडिओत असायची तशी काचेची नळी. सिलिकॉन जवळपास नाहीच, म्हणून मेगाग्रेपर्यंत टिकतात. चित्र बहुधा कृष्णधवल, हलणाऱ्या वस्तूमागे शेपूट राहते, आणि एकाच उजेडाकडे बराच वेळ रोखून ठेवला तर तो डाग नळीवर कायमचा उठतो. बनवणारे जगात मोजकेच उरलेत, त्यामुळे मागवायचा तर वेळ धरून चाला.

निविदेत 'रेडिएशन रेझिस्टंट कॅमेरा' एवढंच लिहिलेलं असेल तर भाव देऊ नका. किती ग्रेला, कोणत्या डोस रेटला, चालू अवस्थेत की बंद, आणि लेन्ससकट की नुसतं डोकं, हे लेखी मागून घ्या. मी एकदा डोकं टिकाऊ आणि लेन्स बाजारातली, असं जोडपं विकत घेऊन बसलो होतो.

४. कॅमेरा आडोशाला, आरसा समोर

हीच पायरी काकांनी मला शिकवली आणि याच्यावरच माझं पोट चाललंय.

प्रकाश आरशावरून वळतो. गामा वळत नाही, तो आरशातून आरपार जातो. म्हणून सोर्सकडे कॅमेरा रोखायचा नाही. पंचेचाळीस अंशात आरसा लावायचा, कॅमेरा बाजूला शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डब्यात बसवायचा, आणि डब्याला फक्त आरशाच्या बाजूने भोक ठेवायचं. आता कॅमेऱ्याला थेट मारा नाही, भिंतींवरून उडालेला तेवढाच.

शिसं किती लावायचं ते सोर्सवर अवलंबून. सीझियम-१३७ चा गामा साधारण साडेसहा मिलिमीटर शिशात निम्मा होतो, कोबाल्ट-६० चा सुमारे बारा मिलिमीटरमध्ये. चार सेंटिमीटर शिसं म्हणजे सीझियमला सहा वेळा निम्मं, कागदावर सत्तर पट. कोबाल्टला तेच शिसं जेमतेम दहा पट. प्रत्यक्षात विखुरलेल्या किरणांमुळे दोन्हीकडे कमी भरतं, म्हणून कागदावरच्या आकड्याला तिसरा हिस्सा कात्री लावून मी पुढे जातो. टंगस्टन महाग, पण जागा कमी असली की तेच. वजनाचा हिशेब आधी करा: चार सेंटिमीटर जाडीचा छोटासा डबा वीस किलोंवर सहज जातो, आणि आतले यांत्रिक हात तेवढं उचलतीलच असं नाही.

आरसा घरातला नको. घरच्या आरशात चकाकता थर काचेच्या मागे असतो. दुहेरी प्रतिमा येते आणि काच काळवंडते. पुढच्या पृष्ठावर ॲल्युमिनियम चढवलेला, किंवा चकाकी दिलेल्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरा. आरसा म्हणजे दोनशे रुपयांचा भाग, तोच बदलायचा, कॅमेरा नाही.

पाणी असेल तर तुम्ही नशीबवान. वापरलेल्या इंधनाच्या टाकीत पाणीच ढाल होतं. २०१७ च्या जुलैत फुकुशिमाच्या युनिट ३ मध्ये 'मानबो' नावाचा पोहणारा रोबो सोडला, जेमतेम तीस सेंटिमीटर लांब आणि तेरा सेंटिमीटर जाड, आणि त्याने वितळून गोठलेल्या इंधनासारख्या दिसणाऱ्या ढिगाची चित्रं आणली. कोरड्यात अडकलेल्या किती यंत्रांना ते जमलं नव्हतं.

५. काच आणि उजेड

गामा दिलेली काचेची बाटली पाहिलीय कधी? चहाच्या रंगाची होते. तुमची लेन्स म्हणजे तशाच दहा-बारा बाटल्या एकामागे एक. माझा पहिला कॅमेरा तपकिरी झाला तो यामुळे, सेन्सर अजून श्वास घेत होता.

उपाय दोन: सीरियम मिसळलेली ऑप्टिकल काच किंवा शुद्ध वितळलेलं सिलिका. सीरियमची काच मुळातच किंचित पिवळसर असते, त्यामुळे नवी लेन्स पिवळी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मी भांडलोय. बजेट नसेल तर कमीत कमी भिंगांची, स्थिर फोकसची लेन्स घ्या. कॅमेऱ्याच्या पुढची खिडकी मात्र सिलिकाचीच हवी, ती स्वस्त असते.

फायबर ऑप्टिकचा विचार करत असाल तर गाभा शुद्ध सिलिकाचा घ्या. फॉस्फरस मिसळलेला फायबर इतक्या झपाट्याने काळा पडतो की लोक त्याचा डोस मोजायला वापर करतात.

उजेडासाठी क्वार्ट्झ हॅलोजन अजूनही खात्रीचा, फक्त तापतो. एलईडीची चिप बरीच सोसते, पण तिच्यावरचा पारदर्शक प्लास्टिकचा थेंब पिवळा पडतो आणि ड्रायव्हर सर्किट मरतं. एलईडी वापरायचा तर ड्रायव्हर बाहेर ठेवा, आत नुसता दिवा.

६. प्लास्टिक, रबर, ग्रीस: इथे फसगत होते

कॅमेऱ्यावर लाखो खर्च करून लोक दहा रुपयांच्या वॉशरमुळे बुडतात.

टेफ्लॉन. आम्हा यांत्रिकी लोकांचं लाडकं. ॲसिडला, उष्णतेला, कशालाच दाद देत नाही. गामापुढे मात्र काही किलोग्रेमध्ये ठिसूळ होऊन भुगा होतो, वर फ्लोरिनची गंजवणारी वाफ सोडतो. कनेक्टरच्या आतला पांढरा भाग, वायरीवरचं आवरण, नळीच्या आट्यांवरची पांढरी टेप, सगळीकडे टेफ्लॉन लपलेलं असतं, म्हणून प्रत्येक जोड उघडून बघा. (तुमच्या छातीवरच्या, अंगाला मिळालेला डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजमधल्या चकत्याही टेफ्लॉनमध्येच बसवलेल्या असतात. तिथे डोस मिलिसिव्हर्टचा, म्हणून चालतं.) त्याऐवजी पीक (PEEK) किंवा पॉलिइमाइड ही प्लास्टिकं वापरा; हवेत ते टेफ्लॉनच्या हजार पटीने जास्त टिकतात.

डेलरिन प्लास्टिकचे गिअर नकोत, तुटतात. नायलॉनचे केबल टाय महिन्याभरात खळकन गळून पडतात, स्टेनलेसची तार बांधा. ओ-रिंगला ईपीडीएम रबर चांगलं. पीव्हीसी क्लोरीनयुक्त वाफ सोडतं, शेजारचं स्टेनलेस स्टील त्याने चिरतं. म्हणूनच अनेक प्लांटमध्ये साधी पीव्हीसी चिकटपट्टी आत न्यायलाच बंदी असते, क्लोराइड नसलेली टेप वेगळी मिळते. गेटवर ही टेप पिशवीत सापडून तासभर उभं राहिलेला मी एकटा नसेन.

साधं ग्रीस आधी पातळ होतं, मग डिंकासारखं आवळतं. डोस कमी असेल तर चालून जातं, जास्त असेल तर पॉलिफिनाइल इथरचं ग्रीस किंवा सरळ कोरडं मॉलिब्डेनम डायसल्फाइड.

मोटर आत असायलाच हवी का, हेही विचारा. शक्य तिथे लांब दांडा आणि गिअर वापरून मोटर भिंतीबाहेर ठेवा. मोटर किती फिरली ते सांगायला इलेक्ट्रॉनिक एन्कोडरऐवजी रिझॉल्व्हर, म्हणजे नुसती तांब्याची वेटोळी. त्यात मरण्यासारखं काही नाही.

७. आधी गामा चेंबरमध्ये चाचणी

अणुऊर्जा विभागाच्या बीआरआयटी या संस्थेच्या गामा चेंबरसारखी कोबाल्ट-६० ची बंद यंत्रं बऱ्याच संशोधन संस्थांमध्ये आहेत. पाच लिटरच्या चेंबरमध्ये कॅमेऱ्याचं डोकं आरामात बसतं. पत्र द्या, वेळ घ्या.

चाचणी कॅमेरा *चालू ठेवून* करा, बंद ठेवून केलेली फसवी असते; चालू चिप साधारणपणे लवकर ढासळते. केबल बाहेर काढून चित्र सतत रेकॉर्ड करा, समोर एक छापील चौकटीचा कागद लावा, आणि दर दहा मिनिटांनी करंट लिहा. करंट चढायला लागला की चित्र चांगलं दिसत असलं तरी मरण जवळ आलंय असं समजा. चेंबरचा डोस रेट फार जास्त असतो, तुमच्या सेलमधला कमी. काही रेग्युलेटर संथ माऱ्यात उलट लवकर मरतात, त्यामुळे तीन नमुने तपासा आणि मिळालेल्या आयुष्याचा निम्माच भाग कामासाठी धरा.

८. मॉक-अप, आणि मेलेलं यंत्र बाहेर काढायची सोय

प्लायवूडची खोटी सेल बांधा. खऱ्या मापाची भोकं, खऱ्या लांबीची केबल, आणि तुम्ही पडदा लावून बाहेर. पाहणी, बदली, आणि *वीज गेल्यावर काय*, हे तिन्ही करून बघा.

फुकुशिमात २०१५ च्या एप्रिलमध्ये युनिट १ मध्ये सापासारखा आकार बदलणारा रोबो सोडला. दहा मीटर गेला, अडकला, आणि शेवटी केबल कापून तिथेच सोडावा लागला. २०१७ च्या फेब्रुवारीत युनिट २ मध्ये वाट साफ करायला गेलेल्या रोबोचा कॅमेरा सुमारे दोन तासांत अंधारायला लागला. ऑपरेटरनी चित्र आहे तोवरच त्याला मागे घेतलं. निर्णय योग्य होता. आंधळं यंत्र ओढताना कुठे अडकेल सांगता येत नाही.

म्हणून: प्रत्येक यंत्राला स्टीलची दोरी, मोटर मेली तरी हाताने मागे ढकलता येईल असं गिअर, आणि दोन कॅमेरे. दुसरा कॅमेरा कामावर नव्हे, यंत्राच्या केबलवर लक्ष ठेवायला. आणि 'परत फिरायचा डोस' आधीच ठरवा. कॅमेऱ्याच्या आयुष्याचा अर्धा भाग जाण्यात आणि बघण्यात, उरलेला परतीसाठी.

मॉक-अपमध्ये नळ्या-दांड्यांना रंगाने क्रमांक घाला. हसू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फुकुशिमाच्या युनिट २ मधून वितळलेल्या इंधनाचा पहिला कण काढायचं काम ढकलदांड्याच्या पाच नळ्या चुकीच्या क्रमाने लावल्याचं लक्षात आल्याने पहिल्याच दिवशी थांबलं. पुढे सप्टेंबरात टोकाच्या कॅमेऱ्यांची चित्रंच येईनाशी झाली. किरणोत्सारामुळे साठलेला विद्युतभार हे कारण असावं असा अंदाज होता. कॅमेरे बदलले आणि नोव्हेंबरात एक ग्रॅमसुद्धा न भरणारा कण बाहेर आला. तिन्ही युनिटमध्ये मिळून आत अंदाजे ८८० टन आहे.

९. कागदपत्रं

प्लांटनुसार फरक पडतो, पण हे बहुधा लागतं:

- माणसांसाठी: आधार, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणीचा दाखला, किरणोत्सार सुरक्षेच्या वर्गाची नोंद. आधी दुसऱ्या प्लांटमध्ये काम केलं असेल तर टीएलडी क्रमांक आणि जुना डोस. तो लपवू नका, राष्ट्रीय नोंदवहीत निघतोच. वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट (पाच वर्षांची सरासरी, एका वर्षात ३० च्या वर नाही), आणि कंत्राटी माणसांना प्लांट त्याहून कमीवर थांबवू शकतो.
- सामानासाठी: प्रत्येक वस्तूची क्रमांकासह यादी, दोन प्रती. कॅमेऱ्याची वेगळी लेखी परवानगी. मोबाइल बाहेर. मेमरी कार्ड आत गेलं की परत येईल असं धरून चालू नका, रेकॉर्डर प्लांटचाच मागा.
- कामासाठी: रेडिएशन वर्क परमिट, टप्प्यांचा लेखी क्रम, आणि हेल्थ फिजिक्सची (प्लांटच्या किरणोत्सार सुरक्षा विभागाची) सही असलेला डोसचा अंदाज.

पोलीस पडताळणीला आठवडे लागतात. ऑर्डर आली त्या दिवशी अर्ज टाका, कॅमेऱ्याचं नंतर बघा.

१०. कामाचा दिवस

बॅज छातीवर, डीआरडी (डोस तिथल्या तिथे वाचता येणारा छोटा मीटर) शून्यावर आणलेला, खिशात काही नाही. पाण्याच्या टाकीवर काम असेल तर चष्म्यालासुद्धा दोरी. एक स्क्रू पाण्यात पडला तर तो शोधायला आणखी एक कॅमेरा लागतो, आणि तो खर्च तुमचा.

कॅमेरा आत जायच्या आधी पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त लेन्सची खिडकी उघडी. किरणोत्सार गुंडाळीने थांबत नाही, पण किरणोत्सारी धूळ थांबते. खाचाखोचा, आट्या, वेल्डिंगचे खडबडीत टाके यात धूळ बसली की निघत नाही. म्हणून बाहेरचा डबा गुळगुळीत स्टेनलेसचा हवा.

सुरुवातीलाच चांगल्या चित्राचा एक फोटो साठवून ठेवा. रंग हळूहळू बदलतो आणि डोळ्याला ते कळत नाही. अर्ध्या तासाने तो पहिला फोटो शेजारी लावून बघितलं की धक्का बसतो. ठरलेला 'परत फिरायचा डोस' आला की कोणीही 'पाचच मिनिटं अजून' म्हणालं तरी फिरा. म्हणणारे साहेब असतात, अडकलेली केबल आपली असते.

११. बाहेर आल्यावर

पॉलिथिन सेलच्या तोंडाशीच सोडवायचं, आतून बाहेर उलटं गुंडाळत. मग स्वाइप: कागदी चकती पुसायची आणि काउंटरवर ठेवायची. साफ निघाला तर कॅमेरा परत मिळतो, नाहीतर धुणं, परत स्वाइप. दोन-तीनदा धुऊनही आकडा उतरत नसेल तर तो कचरा आहे आणि प्लांटच्या ड्रममध्ये जातो. कोटेशन देताना कॅमेरा परत येणार नाही असं धरूनच भाव लावा, आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च कोणाचा ते ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

जो परत आला त्याच्या पाठीवर मार्करने लिहा: तारीख, किती तास, अंदाजे किती ग्रे, चित्राची अवस्था. महिन्याभराने कपाटात सगळे कॅमेरे सारखेच दिसतात, आणि काही खोलीच्या उबेत पडून थोडे सुधारलेलेही असतात. चित्र छान आलं म्हणून असा सुधारलेला कॅमेरा नवा समजून परत आत पाठवू नका. आधी पोटात गेलेला डोस तसाच मोजायचा, आणि नवा डोस त्याच्यावर.